वैनगंगेत शिरवलेल्या गोळ्या

बालाघाटला मी गेले ती एका सत्काराला. सत्कार हा प्रकार मला सोसत नाही. पुण्यात निवृत्तीबद्दल, साठीबद्दल, एवढंच काय, निवडणुकीत पडल्याबद्दलही सत्कार झालेले मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी मागच्या रांगेत बसून पंख्याची पाती मोजली आहेत. आजारातून बरं झाल्याबद्दल सत्कार मात्र मी ऐकलाही नव्हता.

सत्कारमूर्ती होते माझ्या मावसबहिणीचे, सुमनचे, यजमान. निवृत्त शिक्षक. सगळं बालाघाट त्यांना गुरुजी म्हणतं, म्हणून मीही म्हणते. त्यांना हेपॅटायटिस-बी होता, म्हणजे विषाणूमुळे होणारी यकृताची जुनाट सूज. वर्षभर गोळ्या घेतल्या आणि बरे झाले, असं सुमनने फोनवर सांगितलं. "समाजमंडळ शाल-श्रीफळ देऊन राह्यलं. बाई, तू नाही आली तं मी तुह्यासंग बोलनार नाही." आमच्याकडे विदर्भात थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. तीस वर्षं पुण्यात काढूनही मला कुणी बाई म्हटलं की मी मुकाट्याने बॅग भरायला घेते.

परत येऊन महिना झाला. बसलेला धक्का अजून पुरता उतरलेला नाही. जे पाहिलं ते क्रमाने लिहिते.

राजेगाव

गोंदिया स्टेशनवर फुलचंद घ्यायला आला होता. पंचेचाळिशीचा, काटक, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणारा माणूस. गुरुजी तिरोडीला मँगनीजच्या खाणीजवळच्या शाळेत होते तेव्हाचा हा त्यांचा विद्यार्थी.

"गुरुजीचा लय मार खाल्ला जी मी," बॅग उचलता उचलता त्याने सांगितलं. "म्हनून डायवर झालो. नाही तं वाया गेलो असतो."

"आणि मार नसता खाल्ला तर?"

"तं आमदार झालो असतो."

राजेगावजवळ बाघ नदीचा पूल आहे. पूल ओलांडला की मध्यप्रदेश. पाटीवरचं 'आहे' जाऊन 'है' येतं. लिपी तीच, धूळ तीच, टपरीवरचा माणूसही अर्धा मराठी नि अर्धा हिंदी. खरी सरहद्द मला पोह्यांत सापडली. अलीकडे गोंदियात पोह्यांवर लालभडक तर्री पडते, पलीकडे शेव पडते आणि शेजारी जिलेबी येऊन बसते. पोह्यांबरोबर जिलेबी खाणाऱ्यांबद्दल पुण्यात काय बोलतात ते मी फुलचंदला सांगितलं नाही. त्याने माझ्या वाट्याची जिलेबी खाल्ली, मी त्याच्या वाट्याचे पोहे खाल्ले, आणि आम्ही निघालो.

जानेवारी अर्धा सरला होता. धान निघालं होतं आणि बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, नुसती खुंटं उरली होती. कडेला पेंढ्यांची पुंजणी रचलेली. एका तळ्याच्या काठाला सारसांची जोडी उभी होती. माणसाएवढे उंच ते पक्षी, लाल डोक्याचे. फुलचंदने गाडी हळू केली आणि हात जोडले. "जोडीनं दिसले की चांगलं असते जी." मी कशालाच हात जोडत नाही, पण गाडी थांबव म्हणाले.

रिपोर्टाला हार

गल्लीच्या तोंडाशीच फ्लेक्स होता. गुरुजींचा फोटो, त्याच्या तिप्पट मोठा मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो, आणि खाली हिंदीत 'हेपेटाइटिस-बी विजेता'. कुस्ती मारून आल्यासारखं.

गुरुजी दारातच उभे होते. पांढरा सदरा, जाकीट, आणि डोळ्यांवर काळा चष्मा. पंधरा दिवसांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून. वाळले होते, पण आवाज तोच, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"या बाई! रिपोर्ट पाहा आधी, मंग चहा."

रिपोर्ट देवघरात होता. लॅमिनेट करून, चौकटीत घालून, हळदकुंकू लावून. 'विषाणू आढळला नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ लाल पेन्सिलीने अधोरेखित केली होती. चौकटीला झेंडूचा हार. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींची पूजा झालेली पाहिली आहे. प्रयोगशाळेच्या कागदाची ही पहिलीच.

शेजारी आणखी एक कागद चिकटवलेला होता आणि तो पाहून मी जराशी सुखावले, हे कबूल करते. आरोग्याच्या माहितीपत्रकांची भाषांतरं करणं हे माझं काम. हेपॅटायटिसवरचं एक पत्रक मीच मराठीत केलं होतं आणि आजार निघाला तेव्हा सुमनला पाठवलं होतं. त्यातलं वाचून सुमनने स्वतःची तपासणी करून लसही टोचून घेतली होती. त्याच पत्रकातल्या दोन ओळी गुरुजींनी मोठ्या अक्षरांत उतरवून भिंतीला लावल्या होत्या: 'तुमच्या शरीरातल्या सैनिक पेशी विषाणूशी अहोरात्र लढत असतात. त्यांना बळ द्या.'

"याच ओळीनं मले वाचवलं," गुरुजी म्हणाले. "बळ देऊन राह्यलो. तीन टाइम."

बळ म्हणजे गुळवेलीचा काढा. पितळी पेल्यातून ते तो पाण्यासारखा प्यायचे. रात्री जेवायला चिन्नोरचा भात होता. हा इथला सुवासिक तांदूळ. शिजत असताना शेजारच्या घरातलं भांडणही थांबावं असा वास. बरोबर लाखोळीच्या डाळीचे वडे. मी चार खाल्ले. गुरुजींनी दोन घास भात चिवडला आणि पाट मागे सारला.

"सत्काराचं टेन्शन," सुमन म्हणाली.

जेवणं उरकतात तोच अध्यक्ष आले, शाल पांघरवण्याची तालीम करायला. ते डावीकडून येणार, गुरुजींनी किंचित उजवीकडे वळायचं, म्हणजे फोटोत दोघंही येतील. तीनदा तालीम झाली. तिसऱ्या वेळी गुरुजी खुर्चीत बसले ते उठेनात. दम लागला होता. मी तेव्हा मनात अध्यक्षांना नावं ठेवत होते. त्या दमाकडे माझं लक्षच गेलं नाही.

घाट

सकाळी सुमनने मला वैनगंगेवर नेलं. फुलचंद गाडी घेऊन आला होता. नदीवर धुकं होतं, पाणी संथ, काठावर दोन बायका कपडे आपटत होत्या. सुमन पायऱ्यांवर बसली आणि बोटाने दाखवत म्हणाली, "इथंच शिरवल्या आमी. कार्तिक पुनवेले."

शिरवणं म्हणजे विसर्जन करणं. इकडे गणपती शिरवतात, जवारे शिरवतात.

"काय शिरवलं?"

"त्याइच्या गोळ्या. लिवरच्या."

मला वाटलं, रिकाम्या पाकिटांबद्दल बोलते आहे. "कसल्या गोळ्या? उरलेल्या?"

"उरलेल्या कायच्या? दोन मयन्याच्या होत्या डब्यात. सरकारी दवाखान्यातून आनलेल्या." तिने माझ्याकडे पाहिलं. "काहून वं? असं काय पाह्यतं?"

मग तिने सांगितलं तो तिच्या सासरचा रिवाज. घरातलं दुखणं गेलं की दुखण्यासाठी घरात आलेली प्रत्येक गोष्ट नदीला द्यायची. बाटली, गोळ्या, दंडाचा दोरा, पथ्याचं भांडंसुद्धा. मग डोक्यावरून नाहायचं आणि मागे वळून न पाहता घरी यायचं. घरात औषध राहिलं तर आजाराला वाटतं, आपली जागा अजून राखून ठेवलेली आहे.

हे ऐकताना मला त्यात एक शहाणपण दिसत होतं, हे विचित्र आहे, पण दिसत होतं. गोवर, कांजिण्या, हिवताप, ज्या आजारांना शेवट असतो त्यांच्यासाठी हा रिवाज चांगलाच आहे. घर मोकळं होतं, माणूस मोकळा होतो. या आजाराला तसा शेवट नसतो. 'आढळला नाही' म्हणजे गोळ्यांनी दाबून ठेवलाय, रक्तात मोजण्याइतका उरला नाही, एवढंच. त्याचं मूळ यकृताच्या पेशींच्या गाभ्यात तसंच बसलेलं असतं. गोळी ही त्याच्या मानेवर ठेवलेला हात आहे.

"सुमन, दवाखान्यात विचारलंत? बंद करताना?"

"विचारायचं काय? रिपोर्टच तं आला. हे म्हनले, परीक्षा पास झाल्यावर कोनी पुस्तक वाचते का?"

कार्तिक पौर्णिमा ते आज. मी बोटांवर मोजलं. अडीच महिने होत आले होते.

मागे उभ्या फुलचंदने घसा खाकरला. "बाई, काही वांधा झाला का?"

"झाला असेल. गुरुजींनी गोळ्या बंद करायला नको होत्या."

तो दोन पायऱ्या खाली उतरला. मग म्हणाला, "मंग माह्यं कसं जी?"

"तुझं काय?"

"मले बी तेच हाय. बी वालं. गुरुजीची गोळी नि माही गोळी एकच. त्याइनं शिरवल्या तवा म्हनले, फुल्या, तू बी शिरव, तुहा रिपोर्ट बी तसाच आला. मी बी शिरवल्या. याच पायरीवरून."

धुणाऱ्या बायकांनी आपटणं थांबवून आमच्याकडे पाहिलं, म्हणजे मी मोठ्याने काहीतरी बोलले असणार. काय ते आठवत नाही.

गाडीत बसल्यावर त्याने आणखी एक सांगितलं. तो चौथीत असताना तिरोडीला तापाची साथ आली होती. एक फिरता सुईवाला आला, कापडात गुंडाळलेली काचेची पिचकारी घेऊन. पोरं भ्यायली, तेव्हा गुरुजींनी स्वतः पहिल्यांदा दंड पुढे केला. "पाहा, मी रडलो का? आता तुमी या, एकेक." सगळ्या वर्गाला त्याच एका सुईने टोचलं.

"त्याच्यातूनच आलं काय जी?"

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

अक्षर

घरी आलो तर गुरुजी अंगणात उन्हात बसून भाषण वाचत होते.

"गुरुजी, चष्मा काढा जरा," मी म्हणाले.

"डॉक्टरनं सांगतलं, उन्हात काढू नोका."

"एकदाच काढा."

त्यांनी काढला. सुमन माझ्या शेजारी उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला. डोळ्यांचं पांढरं पिवळं झालं होतं. हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखं, स्वच्छ, झगझगीत पिवळं. एकाच घरात राहून, एकाच ताटलीतून प्रसाद खाऊन, हे कुणाला दिसलं नव्हतं, कारण सगळ्यांचं लक्ष ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ऊन लागू नये इकडे होतं. लघवी कशी होते विचारलं, तर म्हणाले, काढ्यामुळे जरा गडद होते. अंगाला खाज सुटते, ती जाकिटाच्या लोकरीने. प्रत्येक लक्षणाला त्यांनी एकेक कारण नेमून दिलं होतं.

मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला.

"उद्या चार वाजता सत्कार आहे. परवा जाऊ."

"परवा उशीर होईल."

"बाई, विषाणू नाही म्हनते रिपोर्ट. तो नाही, तं लिवर खाईन कोन?"

प्रश्न रास्त होता. आणि त्याचं उत्तर भिंतीवर चिकटवलेलं होतं, माझ्याच शब्दांत. विषाणू यकृत खात नाही. तो पेशीत शिरून स्वतःच्या नकला काढत बसतो. त्या पेशींना मारतात त्या आपल्याच प्रतिकारपेशी, ज्यांना मी कौतुकाने सैनिक म्हटलं होतं. मूळ इंग्रजी पत्रकात हे सांगणारा एक रुक्ष परिच्छेद होता. 'वाचक घाबरेल, काहीतरी उमेद देणारं लिहा' असं मला कळवण्यात आलं, आणि मी तो गाळून 'बळ द्या' असं लिहिलं. वर शैलीबद्दल शाबासकीही घेतली. त्या अंगणात मला स्वतःचीच शिसारी आली. अध्यक्षांच्या फ्लेक्सला हसणारी मी. माझा फ्लेक्स देवघरात लागला होता.

मी जमेल तसं समजावलं. गुरुजी ऐकत होते, पण शिक्षकाला शिकवणं फार कठीण. शेवटी म्हणाले, "नाई जी. मंडप टाकला. पत्रिका गेल्या. लोक काय म्हनतीन, विजेता पळाला?"

सुमन पुढे झाली. तिने त्यांच्या मांडीवरचे भाषणाचे कागद उचलले आणि एकेक पाहू लागली. गुरुजींचं अक्षर म्हणजे तिरोडीच्या शाळेचं भूषण. खराब अक्षराला ते शून्य देत, उत्तर बरोबर असलं तरी. पहिली दोन पानं छापल्यासारखी होती. तिसरं पान ओळ सोडून खाली घसरलं होतं. चौथ्यावर एकच वाक्य दोनदा आलं होतं आणि वेलांट्या हवेत लोंबत होत्या.

तिने ते पान त्यांच्यापुढे धरलं. "अजी, हे कोनाचं अक्षर आहे?"

गुरुजींनी चष्मा न लावता पाहिलं. कागद जवळ नेला, लांब नेला. बराच वेळ.

"कवा लिवलं मी हे?"

"काल सांजच्याले. माह्यासमोर."

त्यांनी खिशातला लाल पेन काढला. पानाच्या कोपऱ्यात आपोआप हात गेला, आणि तिथेच थांबला. मग पेनाला टोपण लावून म्हणाले, "फुल्या, गाडी काढ."

दवाखाना

डॉक्टर तरुण बाई होत्या, जबलपूरच्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांनी गुरुजींना दोन्ही हात पुढे ताणून पंजे वर उचलून धरायला सांगितलं, वाहतूक अडवणाऱ्या पोलिसासारखे. यकृत बिघडून मेंदूवर परिणाम झाला तर पंजे फडफडतात, तेच त्या पाहत होत्या. आम्ही तिघंही पाहत होतो. फडफडले नाहीत. आज वार कोणता, शंभरातून सात सात वजा करा. गुरुजींनी दोनपर्यंत केलं आणि वर डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आगे भी जाऊं, माइनस में?"

"दिमाग तक नहीं पहुंचा है," त्या आम्हाला म्हणाल्या. "अक्षर थकान से बिगड़ा होगा। अभी तक तो यही लगता है।"

रक्ताचे आकडे संध्याकाळी आले. यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारा जो आकडा एरवी चाळिशीच्या आसपास असतो, तो चार अंकी होता. रक्त गोठायला लागणारा वेळ वाढला होता. डॉक्टरीणबाईंनी नागपूरच्या यकृततज्ज्ञांशी फोनवर बोलून तीच गोळी लगेच पुन्हा सुरू केली, काढा बंद केला, आणि सांगितलं की रोज रक्त पाहायचं. गोठण्याचा आकडा आणखी वर गेला किंवा माणूस जरा जरी असंबद्ध बोलला, तर त्याच क्षणी नागपूर. दारात गाडी उभी हवी.

सुमनने विचारलं, गोळ्या सोडल्या तर एवढं कसं होते? व्हायरस एवढा जोरदार आहे का?

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. त्यांनी सांगितलं ते मी मराठीत देते, या वेळी काहीही न गाळता. ज्या पेशीत विषाणू असतो तिच्या अंगावर त्याच्या खुणा दिसतात. टी पेशी नावाच्या प्रतिकारपेशी त्या खुणा ओळखून ती पेशी मारतात. कधी त्यात विषाणू निघून जातो. बहुतेक मोठ्या माणसांत तसंच होतं. ज्यांच्यात तो मुक्काम ठोकतो त्यांच्यात ही मारामारी वर्षानुवर्षं रेंगाळते. टी पेशी थकतात, धड मारत नाहीत आणि धड थांबतही नाहीत. मागोमाग इतर पेशी गर्दी करतात, ज्यांना कुणाला मारायचं हेही नीट कळत नाही, आणि मेलेल्या जागी व्रणासारखी कडक गाठ बसत जाते. गोळी विषाणूच्या नकला थांबवते, म्हणून मारामारी शांत होते. गोळी अचानक सुटली की नकलांचा पूर येतो, शांत झालेल्या पेशी खडबडून उठतात, आणि एकाच वेळी हजारो ठिकाणी स्वतःचंच यकृत फोडू लागतात.

"वायरस तो किराएदार है, माताजी," त्या शेवटी म्हणाल्या. "घर तो घरवाले ही तोड़ते हैं।"

"आणि मी त्याइले ताकद देऊन राह्यलो होतो," पलंगावरून गुरुजी म्हणाले. आम्हाला वाटलं होतं झोपलेत. "तीन टाइम."

काढ्यानेच बिघडलं असं नाही, पण गुळवेलीनेही काहींच्या यकृताला सूज येते, असं डॉक्टरीणबाईंनी हळू आवाजात मला सांगितलं. सुईवाल्याबद्दल मी विचारलं. असू शकेल, त्या म्हणाल्या, आता सांगता येणार नाही.

हार

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांना फोन करून सत्कार रद्द करा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "देखो बहनजी, टेंट लग गया है।" मी म्हणाले, माणूस दवाखान्यात आहे. ते म्हणाले, आम्ही काहीतरी मार्ग काढू.

संध्याकाळी सुमनच्या मोबाइलवर मार्ग आला. मंचावर मधोमध खुर्ची, खुर्चीवर गुरुजींचा मोठा फोटो, फोटोला शाल पांघरलेली, आणि शालीवरून गुडघ्यापर्यंत लोंबणारा हार. पुढे समई. शेजारी हात जोडून, डोळे मिटून अध्यक्ष.

मला आधी हसू फुटलं. सुमनचं मात्र रक्त उसळलं. तिने तिथूनच फोन लावला.

"अध्यक्षसाहेब, कोन मेलं जी? … नाही, नाही, मले सांगा, कोन मेलं? … माह्या जित्त्या मानसाच्या फोटोले हार घालता? तुमच्या घरच्यानं घातला तं चालन का? … सत्कार कायचा! तेरवी करून राह्यले तुमी! जा, आधी तो हार काढा. आत्ता. मी फोन चालूच ठेवतो."

तिने फोन कानाला धरूनच ठेवला. पलीकडून माईक खरखरल्याचा, मग धावपळीचा आवाज आला. हार निघाल्याचा फोटो येईपर्यंत ती जागची हलली नाही. मग कोपऱ्यातल्या बाकावर बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. दोन दिवसांत पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी गोठण्याचा आकडा किंचित वाढला. फुलचंद गाडीतच झोपला. चौथ्या दिवशी तेवढाच राहिला. डॉक्टरीणबाई नाश्त्याच्या वेळी यायच्या आणि आम्ही त्यांच्या कपाळाकडे पाहायचो, आठ्या मोजायला. मी रुग्णांच्या नातलगांसाठीही पत्रकं केली आहेत. त्यांत 'धीर धरा' असं लिहिलेलं आहे. तो कसा धरायचा असतो याचा त्यात एक शब्द नाही.

पाचव्या दिवशी आकडा उतरला. थोडाच, पण उतरला. डोळे अजून पिवळेच होते. "अब पलटा है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पर कितना नुकसान हुआ, वो आगे पता चलेगा। और गोली अब शायद उम्रभर।"

गुरुजींनी उशीला टेकून बसवायला सांगितलं आणि पहिला प्रश्न केला, "फुल्याचं काय?"

फुलचंदचं रक्त आम्ही पहिल्याच दिवशी तपासून घेतलं होतं. त्याचाही आकडा वाढला होता, पण कावीळ नव्हती. वेळेत सापडला होता. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या. मी त्याला विचारलं होतं, घेतोस ना? हौ जी, म्हणाला होता.

"बोलवा त्याले."

फुलचंद आला. दाराशीच उभा राहिला, हात मागे बांधून, जसा तिरोडीच्या वर्गात राहत असेल.

"गोळी घेऊन राह्यला?"

"हौ जी."

"दाखव पाकीट."

तो गाडीतून पाकीट घेऊन आला. पाच दिवस झाले होते. पाचही गोळ्या जागेवर होत्या.

फुलचंद जमिनीकडे पाहत म्हणाला, "नदीले देल्ली ते वस्तू मानूस परत कशी घेईन, गुरुजी? बायको म्हनते, घरात आनली तं आजार पोरायवर जाईन. म्हनून गाडीतच ठेवली. तुमच्यासंगच शिरवली होती नं मी. तुमी म्हनले म्हनून."

गुरुजींनी पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मग म्हणाले, "मी म्हनलो होतो. चुकलो मी. तुहा मास्तर चुकला, फुल्या. त्याचं उत्तर खोडून टाक." त्यांना दम लागला, ते थांबले. "तुह्या बायकोले इथं घेऊन ये, तिले मी सांगतो. पोरायचं रक्त तपासू, लसीच्या सुया टोचू, नव्या सुया. आता हे घे. माह्यासमोर."

सुमनने पाण्याचा पेला दिला. फुलचंदने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला, आणि जायला वळला.

"थांब. आ कर."

"गुरुजी!"

"आ कर म्हनलं नं. जीभ वर कर."

पंचेचाळीस वर्षांच्या, तीन लेकरांच्या बापाने 'आ' केला. गुरुजींनी वाकून नीट पाहिलं, मान हलवली, आणि समाधानाने उशीला टेकले.

सुमनने त्यांच्या पाकिटातली गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती घेतली, पाणी प्यायले आणि पेला परत दिला. ती हलली नाही. पेला हातात धरून तशीच उभी राहिली.

"अजी," ती म्हणाली, "तुमी बी. आ करा."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फुलचंदकडे. फुलचंद भिंतीकडे तोंड करून हसू दाबत होता. मग त्यांनी ते पिवळे डोळे मिटले, आणि तोंड उघडलं.